न विचारता निवडलेली फुली

माझ्या भावाचे डोळे गेलेत असं कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गेले नाहीत हो त्याचे डोळे! मी स्वतः त्याला खाली शहरात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले होते. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ मला चष्मा लावूनसुद्धा मुंग्यांची रांग वाटते, ती त्याने घडाघडा वाचली. तरीही शिकार मंडळातले हे शहाणे माझ्याच खानावळीत बसून, माझंच सूप ओरपत एकमेकांच्या कानाला लागतात, "कासियानला दिसत नाही आता. बिचारा!" बिचारा म्हणे. एकदा सगळं सांगूनच टाकते, म्हणजे माझ्या पोटात राहायला नको.

कासियान माझा थोरला भाऊ. जन्मभर लाकडाच्या गिरणीत करवतीपुढे उभा राहिला आणि काम संपल्यावर माझ्या खानावळीच्या माडीवर राहायला आला. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, "राहून गेलं." सकाळी उठून स्वतःचा सदरा स्वतः इस्त्री करणार, माझी लाकडं फोडणार, आणि उन्हाळाभर पाठीवर मिठाचे खडे लादून वर कड्यांपर्यंत जाणार. तिथले गाम्स, म्हणजे ते आकडी शिंगांचे डोंगरी बोकड, मीठ चाटायला येतात. वर्षाकाठी त्यांतला एखादा थकलेला म्हातारा मंडळ दादाच्या वाट्याला देत असे. मी त्याला चिडवायची, "अरे, स्वतः मीठ भरवतोस आणि स्वतःच गोळी घालतोस? कसला रे तू?" तर म्हणायचा, "मग कोणी घालावी? ज्याने त्याला कधी पाहिलंच नाही त्याने?" 

त्याची एक खोड आहे. कुणी काही भेट दिली की तिला नाव ठेवायचं नाही. आमच्या मावशीने एकदा स्वेटर विणून दिला होता. एक बाही मनगटाच्या वर, दुसरी बोटं झाकणारी. या गृहस्थाने तो उसवून पडेपर्यंत घातला, गिरणीतली माणसं हसली तरी. मी म्हणाले, "निदान मावशीला सांग तरी." म्हणाला, "तिने रात्री जागून विणलाय, मेना." बाही मात्र आयुष्यभर ओढत बसला.

त्याच्या बंदुकीवर जुनी दुर्बीण होती, सहापट मोठं दाखवणारी. फिरवायचं-बिरवायचं काही नाही. डोळा लावला की डावीकडून, उजवीकडून आणि खालून अशा तीन जाड काळ्या पट्ट्या आत येतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत केसासारख्या रेषांची फुली. नेम फुलीने धरायचा, पण अंतर मोजायचं ते पट्ट्यांनी. डाव्या आणि उजव्या पट्टीच्या टोकांमध्ये जी फट असते ना, तिच्यात शंभर मीटरवरचा गाम्स छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत नेमका बसतो. अर्धीच फट भरली तर दोनशे मीटर. आमच्याकडचे जुने लोक असंच मोजत आले. दादाचा नियम एकच होता, फट अर्ध्याहून कमी भरली की बंदूक खाली ठेवायची आणि घरी यायचं. कितीदा तरी तो असा हात हलवत परत आलाय, आणि माझ्या खानावळीत त्यावरून त्याची थट्टाही झालीय. पण त्याच्या गोळीने जखमी होऊन एखादं जनावर पळालं, असं मात्र कुणी कधी ऐकलं नव्हतं.

मग त्याला मंडळात येऊन चाळीस वर्षं झाली आणि मंडळाला त्याच्यावर प्रेम करायची हुक्की आली.

चाळीस वर्षं झाली की भेट द्यायची ही आमच्याकडची रीतच आहे, आणि ती माणसाच्या नकळत द्यायची. दादा वर मीठ घेऊन गेला होता तेवढ्यात सगळे माझ्याकडे जमले. ठरलं की त्याला नवी दुर्बीण द्यायची. जुनी धूसर झाली होती, तेवढं खरं होतं. आता आतली फुली कुठली घ्यायची यावर जी जुंपली, विचारू नका. मंडळाचा अध्यक्ष एगिड, त्याचा जावई सेवेरिन. हा सेवेरिन लांबच्या निशाणबाजीच्या स्पर्धांना जातो, त्यामुळे स्वतःला मोठा तीसमारखान समजतो. तो म्हणाला, "झाडवाली घ्या. फुलीच्या खाली नाताळच्या झाडासारख्या रेघा, ठिपके, आकडे. गोळी किती खाली जाणार, वारा किती ढकलणार, सगळं आतच मोजता येतं."

"अरे, संध्याकाळी झाडीत तो गाम्स शोधील की तुझं झाड?" म्हातारा टपालवाला म्हणाला. "लाल ठिपक्याची घ्या. अंधारात चमकते."

"चमकायला काय ती नाचायला जाणार आहे?" कुणीतरी टोला हाणला.

मी ताटल्या उचलता उचलता म्हणाले, "तुम्ही त्यालाच का विचारत नाही? डोळा त्याचा लागणार आहे तिला."

एगिड असा हसला, जसं काही मी सुपात साखर घालते म्हणाले. "मेना, मग गंमत काय राहिली? आणि घाबरू नकोस, त्याची जुनी आहे तश्शीच घेऊ. त्याच तीन पट्ट्या, तीच फुली. फक्त तीनपासून बारापटीपर्यंत फिरणारी. तुझ्या भावाला फरकसुद्धा कळायचा नाही."

शेवटचं वाक्य मात्र तंतोतंत खरं झालं.

जूनमध्ये समारंभ झाला. मी भात, मटण आणि पनीरचे क्नोडल, म्हणजे आमच्याकडचे उकडलेले गोळे, केले, बँड वाजला, भाषणं झाली. दादाची बंदूक मी त्यांना आधीच काढून दिली होती, तिच्यावर नवी दुर्बीण चढवून ती फुलांच्या माळेसकट त्याच्या हातात आली. एगिडने तिच्यावरची कडी शेवटपर्यंत फिरवली आणि म्हणाला, "बघ, बारापट! आता गाम्सच्या पापण्या मोज." दादाने डोळा लावला. ओळखीच्या पट्ट्या, ओळखीची फुली. त्याचे डोळे भरून आले. कडी एगिडने जिथे नेऊन ठेवली तिथेच राहिली. लोकांनी दिलेली वस्तू, दिली तशी वापरायची, असा हा माणूस!

मैदानावर त्याने शंभर मीटरवर गोळ्या मारून पाहिल्या. सगळ्या मधोमध लागल्या. लागणारच. ते मला नंतर कळलं, की मधली फुली कितीही पटीला खोटं बोलत नाही, खोटं बोलतात त्या पट्ट्या.

ऑक्टोबर आला. दादाच्या वाट्याचा म्हातारा गाम्स वर घळीच्या पलीकडे उभा होता. अध्यक्ष म्हणून एगिड सोबत होता. दादाने बंदूक टेकवली, डोळा लावला, बराच वेळ पाहिलं. फट अर्ध्याहून चांगली जास्त भरली होती. म्हणजे दीडशेच्या आसपास. गोळी सुटली. गाम्स बसला, उठला, आणि मोडलेला पाय लोंबकळत कड्याआड गेला.

मग एगिडने खिशातून अंतर मोजायचं यंत्र काढलं आणि दाबलं. "तीनशे मीटर! कासियान, अरे तीनशे! एवढ्या लांब तू कधीपासून मारायला लागलास?"

आधी का नाही रे दाबलंस ते यंत्र, मेल्या? खिशात काय ऊब घेत होतं? पण हे मी आत्ता म्हणतेय. तेव्हा मी तिथे नव्हतेच. एगिडच सांगतो, "कासियान पांढराफटक पडला होता."

आमच्याकडे ज्याची गोळी, त्याने माग काढणाऱ्या कुत्र्याबरोबर जायचं. जनावर सापडेपर्यंत जायचं, गुडघे फुटले तरी जायचं. हे लहान पोरालाही माहीत आहे. दादाने काठी घेतली तर एगिडने त्याला अंगणातच अडवलं. "तू नको. तुला दिसत नाही, उगाच कड्यावरून पडशील आणि आमच्या डोक्याला ताप. बंदूकही कपाटात राहू दे. वसंतातल्या सभेत तुझ्या परवान्याचं बघू." चार लोकांसमोर म्हणाला हो! चाळीस वर्षं त्या कड्यांवर मीठ वाहिलेल्या माणसाला! दादा खिडकीत बसून राहिला. जेवला नाही. संध्याकाळी शोधायला गेलेले हात हलवत परत यायचे, आणि माझ्याकडे बिअर मागायचे.

तिसऱ्या दिवशी सापडला तो. जिवंत होता. एगिडने शेवटची गोळी घातली आणि त्याला खाली आणून माझ्या अंगणात देवदाराच्या फांद्यांवर ठेवलं. तीन दिवस तो त्या पायावर हिंडला होता. पाय मी पाहिला, त्याबद्दल बोलत नाही. अशा वेळी शिकारीच्या टोपीवर डहाळी खोचायची असते आणि जनावराच्या तोंडात एक द्यायची असते, त्याचा शेवटचा घास म्हणून. दादाच्या टोपीकडे कुणी पाहिलं नाही. तो गुडघ्यांवर बसला, एक डहाळी मोडली, गाम्सच्या तोंडात ठेवली आणि आत निघून गेला. सेवेरिन माझ्याकडे वळून म्हणाला, "मेनाकाकू, वय कुणाला चुकलंय?"

"तुला अक्कल चुकलीय, तेवढी पुरे," मी म्हणाले.

हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंचा निकाल आला तेव्हा माझं डोकं चालायला लागलं. डोळे ठीक, हात स्थिर, मैदानावर गोळ्या मधोमध. मग चुकलं कुठे? दादा लाकडं आणायला गेला तशी मी बंदूक काढली, रिकामी आहे ना ते दोनदा पाहिलं, आणि खिडकीतून शेजारच्या गोठ्याच्या दाराकडे डोळा लावला. मी काही शिकारी नाही. पण कडी फिरवायला काय लागतं? लहान पटीला दार पट्ट्यांच्या फटीत मावत होतं. कडी फिरवत गेले तसं दार फुगत गेलं, फटीबाहेर आलं. आणि पट्ट्या? त्या जागच्या हलल्या नाहीत! दार मोठं झालं, मोजपट्टी तेवढीच राहिली.

सहापटीला तीच फट खरं सांगते. बारापटीला तीनशे मीटरवरचा गाम्स दीडशेवर आहे असं सांगते, आणि तेवढ्या लांब गोळी खाली उतरून छातीऐवजी पायात घुसते. बस, एवढंच होतं.

दादा मागे कधी येऊन उभा राहिला मला कळलं नाही.

"दादा! अरे हे बघ, या पट्ट्या..."

"माहीत आहे," तो म्हणाला. "त्याच संध्याकाळी पाहिलं मी."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळ्यांनी मिळून दिलीय, मेना. प्रेमाने दिलीय. तोंडावर कसं सांगू, की तुमच्या भेटीने हे केलं?"

मी हातातला फडका भिरकावला. "ते तुझ्या तोंडावर आंधळा म्हणतात, ते चालतं?"

"तू बोलायचं नाहीस," एवढंच म्हणाला, आणि लाकडं रचायला लागला.

मी? आणि बोलायचं नाही? ज्याने दुर्बीण विकली त्या बंदूकवाल्याला मी दुसऱ्याच दिवशी फोन केला. त्याला सगळं आठवत होतं. म्हणाला, "बाई, मी अध्यक्षांना स्वच्छ सांगितलं होतं. फुल्या दोन जातीच्या. एकीत चित्राबरोबर पट्ट्याही वाढतात, दुसरीत वाढत नाहीत. तुमचा माणूस पट्ट्यांनी मोजत असेल तर पहिली न्या. ते म्हणाले, वाढणारी फुली जाड दिसते, बारीकच छान दिसते, आणि आजकाल पट्ट्यांनी कोण मोजतो?" ऐकलंत? छान दिसते म्हणे! जनावराच्या पायाची किंमत काय, तर फुली छान दिसते!

मार्चच्या सभेला सगळे माझ्याच मोठ्या खोलीत होते. परवान्याचा विषय निघाला तशी मी ती बंदूक आणून टेबलावर ठेवली. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी थांबले असते. "एगिड, ऊठ," मी म्हणाले. "त्या गोठ्याच्या दाराकडे बघ आणि कडी फिरव. आणि काय दिसतं ते मोठ्याने सांग." तो टाळाटाळ करायला लागला तर टपालवाल्याने बघितलं, मग एकेक करून सगळ्यांनी.  मग मी बंदूकवाल्याचं बोलणं सांगितलं, शब्दन् शब्द.

एगिडची मान लाल झाली. "हे बघ मेना, पेटीत माहितीपत्रक होतं. त्याने वाचायला हवं होतं."

"आणि तू ऐकायला हवं होतंस! तुला माणसाने तोंडाने सांगितलं होतं!"

कुणीतरी एकाने म्हणावं ना, की बाबा रे, फुली आम्ही निवडली? एवढी भरलेली खोली. सगळे बिअरच्या फेसात काहीतरी हरवल्यासारखे बघत बसले. आणि मग उठला कोण? माझा भाऊ.

"फुली कुणीही निवडली असो," तो म्हणाला, "चाप माझ्या बोटाने ओढला. नवी वस्तू मी पारखून घ्यायला हवी होती. तो तीन दिवस चालला. परवाना ठेवून घ्या." आणि परवाना त्याने एगिडपुढे ठेवला.

यांनी काय केलं असेल? टाळ्या वाजवल्या! हो, टाळ्या! "याला म्हणतात जुना शिकारी," एगिड म्हणाला, आणि परवाना उचलून त्याने खिशात घातला. सुटले सगळे. कुणी त्याला बस म्हणालं नाही, कुणी परवाना परत दिला नाही. वर एकाने सगळ्यांसाठी श्नाप्स मागवली. मी म्हणाले, "इथे आज पाणीसुद्धा मिळणार नाही. चालते व्हा." खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवायला लागले तेव्हा कुठे हलले.

तुम्हाला वाटेल झालं. नाही. मे महिन्यात एगिड एकटा आला, टोपी हातात. "कासियान, तू आता शिकारीला जात नाहीस. ती दुर्बीण मंडळाच्या वर्गणीतली. नुसती पडून राहण्यापेक्षा सेवेरिन वापरील. यंदा तुझ्या वाट्याचा गाम्स त्यालाच दिलाय."

माझ्या हातात तापलेला तवा होता. देवाचीच कृपा म्हणायची, की दादा माझ्या आधी बोलला.

"देतो," तो म्हणाला. "पण त्याला इथे पाठव. मी त्याला दाखवीन की या पट्ट्या कुठल्या पटीला खऱ्या आणि कुठल्या पटीला खोट्या. हे त्याच्या हाताने माझ्यासमोर करून दाखवेपर्यंत देणार नाही."

"अरे, तो स्पर्धा जिंकतो! त्याला काय शिकवतोस?"

"तिथे निशाणाच्या पाट्या असतात, एगिड. पाटीला पाय नसतो." आणि माझा भाऊ, ज्याचा आवाज गिरणीतल्या करवतीवर कधी चढला नाही, तो टेबलावर मूठ आपटून ओरडला, "माझा परवाना नेलात, मी बोललो नाही! मला आंधळा म्हणालात, बोललो नाही! पण ही दुर्बीण न समजता तिच्यामागे आणखी एक माणूस डोळा लावणार असेल, तर ती मी करवतीखाली घालीन!"

एगिड गेला. सेवेरिन आला नाही. कशाला येईल? त्याला एका गिरणीतल्या म्हाताऱ्याकडून शिकायचं होतं का? त्याने शहरातून झाडवाली आणली, त्याच दुसऱ्या जातीची, रेघा न वाढणारी. मला बंदूकवाल्यानेच सांगितलं.

या ऑक्टोबरात एका सकाळी सेवेरिनची गाडी हॉर्न वाजवत वर गेली. दादा स्वयंपाकघरात ब्रेडवर लोणी लावत होता. वरच्या घळीतून बार ऐकू आला. दादाने सुरी खाली ठेवली. मी म्हणाले, "खा रे, तुझा काय संबंध?" तो ऐकत होता. चांगली गोळी असली की दुसरी लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

दुसरा बार झाला. मग बराच वेळ काही नाही, आणि मग तिसरा, लांब, अगदी कड्यापलीकडून.

दादा उठला. कोट चढवला, खुंटीवरची काठी घेतली.

"कुठे निघालास?"

"शोधायला."

"अरे, परवाना नाही तुझ्याकडे! अडवतील, चार शब्द बोलतील. पुन्हा तेच ऐकायचंय तुला?"

"परवाना बंदुकीला लागतो," तो म्हणाला. "शोधायला लागत नाही."

दार उघडंच टाकून तो अंगण ओलांडून चढाला लागला. मी चुलीवरचं सूप उतरवलं, खानावळीला कुलूप घातलं आणि एगिडच्या घरी गेले. तो न्याहारीला बसला होता. मी त्याची ताटली त्याच्यासमोरून उचलली आणि म्हणाले, "ऊठ. माझा भाऊ तुमचं जनावर शोधायला गेलाय. कुत्री घे आणि चल."

तो काहीतरी बोलणार होता. माझ्या तोंडाकडे पाहून त्याने बूट घातले.